बोलपूरच्या शाळेतली नाटकमंडळी

२२ डिसेंबर १९०१ रोजी, बंगाली पंचांगाप्रमाणे ७ पौष १३०८ ला, रवींद्रनाथ ठाकुरांनी बोलपूरजवळच्या माळावर, शांतिनिकेतनात, शाळा काढली तेव्हा तिथे विद्यार्थी होते पाच. त्यांतला एक त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा रथींद्रनाथ. जागा वडिलांची. महर्षी देवेंद्रनाथांनी १८६३ मध्ये जवळच्याच रायपूर गावच्या सिंह घराण्याकडून वीस बिघे माळरान घेतले होते, कारण तिथल्या दोन सातविणींच्या सावलीत त्यांना ध्यानाला निवांतपणा मिळाला होता. १८९१ मध्ये तिथे काचेचे उपासनामंदिर उभे राहिले. शाळेसाठी मात्र वेगळा पैसा नव्हता. सुरुवातीला मुलांकडून फीसुद्धा घेतली जात नसे. खर्च भागवायला रवींद्रनाथांनी पुरीचे घर विकले आणि मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने काढून दिले. शाळेला वर्षही पुरे झाले नव्हते, नोव्हेंबर १९०२ मध्ये मृणालिनीदेवी गेल्या.

या शाळेचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला आहे. झाडाखालचे वर्ग, गुरुदेवांची शिक्षणदृष्टी, पुढे झालेले विश्वभारती विश्वविद्यालय या अंगाने तो आपल्याला ठाऊक असतो. स्मरणिकेच्या या लेखात त्याची एकच बाजू घ्यायची आहे: मुलांच्या सभा, त्यांची हस्तलिखिते, त्यांची गाणी आणि त्यांची नाटके. मराठी वाचकाला ‘शाळेचे नाटक’ म्हटले की वार्षिक संमेलन आठवते. तासांमधून वेळ काढून केलेल्या तालमी, नकला पाठ करून घेणारे मास्तर, एका रात्रीचा कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वह्यापुस्तके. बोलपूरला नाटक अभ्यासाच्या शेजारी उभे नव्हते, दिवसाच्या घडणीतच होते. आणि ज्याचा विचार फारसा होत नाही अशी आणखी एक गोष्ट इथे घडली. रवींद्रनाथांची १९०८ ते १९१५ या काळातली महत्त्वाची नाटके या शाळेने घडवली. मुले किती, त्यांचे आवाज कसे, सुट्टी कधी, मुली नाहीत तर काय करायचे, या शाळेच्या अडचणींतून त्या नाटकांचा आकार ठरत गेला.

आरंभीच्या दोन वर्षांत शाळेचे नाव ब्रह्मचर्याश्रम आणि वळणही तसेच कडक होते. ब्रह्मबांधव उपाध्याय सोबत होते. रवींद्रनाथांना ‘गुरुदेव’ म्हणण्याची रीत त्यांनीच पाडली असे सांगतात. मुले पहाटे उठत, अनवाणी चालत, स्वतःची कामे स्वतः करीत. पण संध्याकाळ मोकळी होती, आणि ती वेळ रवींद्रनाथांनी स्वतःकडे घेतली होती. गोष्टी सांगायच्या, खेळ रचायचे, गाणी शिकवायची. त्या संध्याकाळींना जीव आला तो सतीशचंद्र राय या तरुण शिक्षकामुळे. विशीतला हा कवी बी. ए.ची परीक्षा सोडून इथे आला होता. वादळ सुटले की मुलांना घेऊन माळावर जावे आणि वाऱ्याच्या वर आवाज चढवून कविता म्हणावी, असा त्याचा स्वभाव. शेक्सपियर आणि ब्राउनिंग तो मुलांना समजेल अशा बंगालीत सांगे. फेब्रुवारी १९०४ मध्ये आश्रमातच देवीच्या साथीत तो गेला. शाळा काही काळ शिलाईदहाला हलवावी लागली. त्याने लिहिलेली ‘गुरुदक्षिणा’ ही कथा आश्रमात पुढे आलेले इंग्रज शिक्षक विल्यम पिअर्सन यांनी शांतिनिकेतनवरच्या आपल्या १९१६ च्या इंग्रजी पुस्तकात समाविष्ट केली. या शाळेत शिक्षकाने मुलांबरोबर गावे, मुलांबरोबर रंगमंचावर उभे राहावे, यात कुणाला कमीपणा वाटला नाही. त्या वृत्तीचा पहिला माणूस सतीशचंद्र होता, असे मला वाटते.

पण उत्सवाची खरी सुरुवात एका मुलाने केली.

शमींद्रनाथ हा रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा, याच शाळेत शिकणारा. १९०७ च्या आरंभी श्रीपंचमीला त्याने बरोबरीच्या मुलांना जमवून ऋतूंचा उत्सव केला. मुलांनी ऋतूंचे वेष घेतले, गाणी म्हटली, कविता म्हटल्या. आज वसंतोत्सव म्हणून ज्याचा बोलबाला आहे, त्याचे मूळ आश्रमातली जुनी माणसे या छोट्याशा कार्यक्रमात दाखवतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, मुंगेरला असताना, शमी पटकीने गेला. वय अकरा. आईच्या मृत्यूला तेव्हा पाच वर्षे होत होती. रवींद्रनाथांनी या दुःखाचा फारसा उच्चार कुठे केला नाही. मात्र पुढच्याच वर्षापासून आश्रमात ऋतूंचे उत्सव एकामागून एक सुरू झाले. १९०८ च्या पावसाळ्यात क्षितिमोहन सेन आणि विधुशेखर शास्त्री या शिक्षकांनी वर्षोत्सव केला. क्षितिमोहन त्याच वर्षी आश्रमात आले होते. संस्कृतचे पंडित, संतवाणीचे अभ्यासक आणि गोष्टी सांगण्यात हातखंडा. आणि शरदासाठी रवींद्रनाथांनी मुलांना नाटक लिहून दिले.

ते नाटक म्हणजे ‘शारदोत्सव’. पूजेच्या सुट्टीआधी मुलांनी करायचे म्हणून लिहिलेले, आणि विषयही सुट्टीचाच. वेतसिनी नदीच्या काठी मुले सुट्टीत हुंदडायला निघाली आहेत. बरोबर त्यांचे ठाकुरदादा, म्हणजे सगळ्या गावाचे आजोबा. एक मुलगा मात्र खेळायला येत नाही. उपनंद नावाचा हा मुलगा झाडाखाली बसून पोथ्या नकलून काढतो आहे. त्याचे गुरू, वीणा वाजवणारे सुरसेन, कर्ज ठेवून वारले. सावकार लक्षेश्वराचे ते कर्ज फेडायचे म्हणून उपनंद सुट्टीच्या दिवशी लिहीत बसला आहे. तिथे एक संन्यासी येतो. तो खरे तर सम्राट विजयादित्य आहे, वेष पालटून हिंडतो आहे. मुलाला उठवून खेळायला न्यायचे सोडून तो स्वतःच त्याच्याजवळ बसतो आणि लिहू लागतो. मग बाकीची मुलेही लेखण्या मागू लागतात. कर्जफेडीचे काम हाच त्या दिवसाचा खेळ होऊन बसतो. शरद ऋतू इतका सुंदर का, तर निसर्गही आपले ऋण मनापासून फेडतो आहे म्हणून, हे नाटकाचे सूत्र. ते उपदेशाच्या रूपाने येत नाही. ते मुलांच्या हातातल्या लेखण्यांतून येते.

शाळेच्या नाटकाच्या दृष्टीने ही रचना पाहण्यासारखी आहे. स्त्रीपात्र एकही नाही, कारण शाळेत मुलगेच होते. मोठ्या भूमिका तीन-चार, आणि त्या शिक्षकांनी कराव्या अशा. बाकी सगळा मुलांचा घोळका. ज्याला लांब संवाद पेलत नाही त्याला घोळक्यात जागा आहे. ज्याचा गळा चांगला तो पुढे, ज्याचा नाही तो मागे, पण गाणे सगळ्यांचे. नाटक बसवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असते की वर्गातल्या चाळीस मुलांपैकी आठ जणांना भूमिका मिळतात आणि उरलेली बत्तीस खिडकीतून तालीम पाहतात. रवींद्रनाथांनी या बत्तिसांसाठी लिहिले. ठाकुरदादा हे पात्र याच गरजेतून जन्मले असावे. ते मुलांत मिसळते, घोळक्याला पुढे नेते, गाण्याचा धागा धरते, आणि तालमीत जे काम मास्तर करतो तेच प्रयोगात करते. पुढच्या अनेक नाटकांत हे पात्र वेगवेगळ्या नावांनी येत राहिले.

पुढे स्वतः रवींद्रनाथ संन्याशाच्या भूमिकेत उतरले. कवडीचुंबक लक्षेश्वर झाले जगदानंद राय. जगदानंद गणित आणि विज्ञान शिकवीत, दुर्बिणीतून मुलांना तारे दाखवीत, बंगालीत विज्ञानाची पुस्तके लिहीत, आणि वर्गात मुलांना त्यांचा चांगलाच धाक असे. ज्या मास्तरांसमोर गणित चुकले की घाम फुटायचा, ते रंगमंचावर मोत्यासाठी जीव टाकणारा कंजूष झालेले पाहताना मुलांना काय वाटत असेल! शिक्षकाला माणूस म्हणून पाहण्याची इतकी सोपी आणि इतकी परिणामकारक वाट दुसरी नसावी.

त्याच १९०८ साली ‘मुकुट’ आले. ‘बालक’ या मुलांच्या मासिकात रवींद्रनाथांनी पूर्वी लिहिलेली त्रिपुराच्या राजपुत्रांची गोष्ट त्यांनी मुलांसाठी नाट्यरूपात आणली. यातही स्त्रीभूमिका नाही. भावाभावांतली स्पर्धा, धनुर्विद्या आणि लढाई, म्हणजे मुलांच्या आवडीचा सगळा मालमसाला.

नेपथ्याबद्दल रवींद्रनाथांचे मत आधीच ठरलेले होते. १९०२ च्या ‘रंगमंच’ या निबंधात त्यांनी रंगवलेल्या पडद्यांवर टीका केली होती. विलायती धाटणीचा तो भार प्रेक्षकाच्या कल्पनेवर अविश्वास दाखवतो आणि आपल्या जात्रेत, म्हणजे बंगालच्या लोकनाट्यात, असले काही लागत नाही, असा त्यांचा मुद्दा. कोलकात्याच्या नाट्यगृहांनी तो मनावर घेतला नाही. बोलपूरच्या शाळेत पडद्यांना पैसाच नव्हता, त्यामुळे तिथे तो सहज अमलात आला. फांद्या, फुले, एखादे निळे कापड आणि अंगावर उत्तरीय, एवढ्यावर प्रयोग होत. याच सुमारास आपल्याकडे संगीत रंगभूमी ऐन भरात होती. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत १२ मार्च १९११ ला झाला, आणि त्याच महिन्यात बोलपूरला मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून रवींद्रनाथांचे ‘राजा’ उभे केले. एकीकडे बालगंधर्वांचे शालू आणि ऑर्गन, दुसरीकडे मातीच्या ओट्यावरचे पळसाच्या फुलांचे नेपथ्य. दोन्ही ठिकाणी स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या आणि दोन्ही ठिकाणी गाणे हाच नाटकाचा प्राण होता. तुलना करून डावे-उजवे ठरवण्यात अर्थ नाही. पण आपल्या शाळांनी नाटकासाठी नेहमी पहिल्या नमुन्याकडेच पाहिले, भाड्याचे पडदे आणि भाड्याचे मुकुट आणले, याची मला मनापासून हळहळ वाटते.

‘राजा’ पुन्हा मे १९११ मध्ये झाले, रवींद्रनाथांच्या पन्नाशीच्या वाढदिवशी. आश्रमाने तो साजरा केला तो नाटकाने. शाळेच्या मुलांना न झेपणारे असे हे नाटक होते. राजा दिसतच नाही, राणी त्याला अंधारात भेटते. तरी मुले त्यात होती, कारण वसंतोत्सवाला जमलेले लोक त्यात होते, आणि ते लोक म्हणजे पुन्हा मुलांचाच घोळका. तालमी सगळ्यांसमोर चालत. रवींद्रनाथ आधी नाटक वाचून दाखवीत, मग स्वतः बसवीत, आणि ज्याला भूमिका नाही तोही येऊन बसे. त्यामुळे एकेका मुलाला सगळे नाटक तोंडपाठ होई. या काळातले विद्यार्थी सुधीरंजन दास पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले, त्यानंतर विश्वभारतीचे कुलगुरू म्हणून परत आले. त्यांच्या ‘आमादेर शांतिनिकेतन’ या आठवणींच्या पुस्तकात नाटकांना आणि गाण्यांना जी जागा आहे ती अभ्यासाच्या तासांहून कमी नाही. लेखक प्रमथनाथ बिशी आणि चित्रकार मुकुल दे हेही याच शाळेचे.

गाण्याचे घर वेगळे सांगायला हवे. ते घर म्हणजे दिनेंद्रनाथ ठाकूर, आश्रमाचे दिनूबाबू. नात्याने रवींद्रनाथांच्या थोरल्या भावाचे, द्विजेंद्रनाथांचे नातू. रवींद्रनाथांना चाल सुचे आणि ती विसरण्याची भीती वाटे. गाणे झाले की ते आधी दिनूला गाठत, आणि एकदा दिनेंद्रनाथांच्या गळ्यात गेले की चाल सुरक्षित. दुसऱ्या दिवशी तेच गाणे मुलांच्या तोंडी असे. अनेक गाण्यांची स्वरलिपी त्यांनीच केली. ‘फाल्गुनी’ हे नाटक त्यांना अर्पण केलेले आहे, आपल्या साऱ्या गाण्यांचे भांडारी म्हणून. रवींद्रसंगीत आज ज्या रूपात उभे आहे त्यामागे शाळेतला हा गाण्याचा मास्तर आणि त्याच्या पुढ्यात बसलेली मुले आहेत, हे विसरून चालणार नाही. गाणे आधी मुलांच्या गळ्यावर चढत असे, छापील पुस्तकात नंतर जाई.

दिवसाची सुरुवातही गाण्यानेच. पहाटे मुलांचा एक गट आश्रमभर गात फिरे, बाकीच्यांना जागे करी. रात्री निजण्याआधी पुन्हा तसेच. याला वैतालिक म्हणतात. आपल्याकडे पहाटेची भूपाळी आणि वासुदेवाची फेरी जशी, तशी ही फेरी आश्रमाच्या दिवसाला वेढून असे. गाणाऱ्या गटात कुणाला घ्यायचे याची चढाओढही असे. पण गाणे हा वेगळा ‘विषय’ नव्हता. सर्व मुलांना ते यायला हवे असे कुणी बजावत नसे, आणि जवळजवळ सर्वांना ते येई.

आता मुलांच्या सभांकडे वळू. शाळेचे बरेचसे व्यवस्थापन मुलांच्या हाती होते. मुले आपले नायक निवडत. चुकलेल्या मुलाचा निवाडा मुलांचीच विचारसभा करी, शिक्षकाने छडी उगारायची नाही. पुढे आश्रम-सम्मिलनी नावाची विद्यार्थ्यांची संस्था झाली, तिच्याकडे ही कामे आली. साहित्यसभेत मुले स्वतःचे लेखन वाचत. सभेची जागा फुलांनी आणि रांगोळीने सजवायची, बैठक मांडायची, अध्यक्षांना निमंत्रण द्यायचे, मग कविता, निबंध, गाणे आणि शेवटी टीका. टीका खरोखरची होई, आणि तीही मुलांची. अध्यक्षस्थानी कधी शिक्षक, कधी स्वतः गुरुदेव. दहा-बारा वर्षांच्या मुलाने आपली कविता देशातल्या सर्वांत मोठ्या कवीसमोर वाचावी आणि शेजारी बसलेल्या मित्राने तिच्यातल्या उणिवा दाखवाव्या, असे दृश्य तिथे नित्याचे होते.

हस्तलिखित मासिके ही या सभांची सख्खी भावंडे. ‘शांती’, ‘प्रभात’, ‘वीथिका’, ‘बागान’ अशी त्यांची नावे. मुलेच संपादक, मुलेच चित्रकार. एकच प्रत निघे, ती हातोहात फिरे. आपल्याकडच्या शाळांतूनही हस्तलिखितांची अशी परंपरा होती. ज्यांनी ती केली आहेत त्यांना ठाऊक आहे की चांगल्या अक्षराच्या मुलाला त्या दिवसांत किती भाव येतो. बोलपूरला ती रोजच्या जगण्याची बखर होती. फुटबॉलच्या सामन्यापासून आश्रमातल्या नव्या पाहुण्यापर्यंत सारे तीत येई.

आणखी एका उद्योगाची नोंद करायला हवी, कारण तोही मुलांनीच चालवला. भोवतालच्या गावांतून आणि संथाळ वस्त्यांतून मुले संध्याकाळी शिकवायला जात. त्यांच्याबरोबर पिअर्सन असत. पिअर्सनच्या नावाने तिथे संथाळांची एक वस्तीच पुढे ओळखली गेली. नाटकातला उपनंद दुसऱ्याचे ऋण फेडतो, आणि नाटक करणारी मुले दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरे शिकवतात, यांतला संबंध कुणी मुद्दाम जोडून दाखवला नव्हता. तो आपोआप तयार झाला होता.

या सगळ्याकडे बाहेरचे लोक कसे पाहत? १९११ च्या सुमारास पूर्व बंगाल आणि आसामच्या सरकारने एक परिपत्रक काढले. शांतिनिकेतनची शाळा सरकारी नोकरांच्या मुलांच्या शिक्षणाला योग्य नाही, असे त्यात म्हटले होते. काही पालकांनी मुले काढून नेली. स्वदेशीचे दिवस होते, सरकारला संशय पुरेसा होता. दुसरीकडे सनातनी मंडळींचाही रोष होता, आणि तो उसळला ‘अचलायतन’वरून. १९११ मध्ये लिहिलेल्या या नाटकाचे स्थळच एक विद्यालय आहे. त्याच्या भिंती उंच, खिडक्या बंद, आणि प्रत्येक गोष्टीसाठी मंत्र आणि प्रायश्चित्त. सुभद्र नावाचा लहान मुलगा उत्तरेची खिडकी उघडून बाहेर पाहतो, आणि आपल्या हातून घोर पाप घडले म्हणून भीतीने थरथरतो. पंचक नावाचा मुलगा त्याला जवळ घेतो. पंचकाला गाण्याची ओढ आहे, त्याला मंत्र पाठ होत नाहीत. शेवटी ज्या गुरूची सगळे वाट पाहत असतात तो येतो तो भिंती पाडतच. १९१४ मध्ये आश्रमात याचा प्रयोग झाला तेव्हा रवींद्रनाथ स्वतः आचार्य झाले. नियमांच्या ओझ्याखाली थकलेला, आपलीच चूक ओळखू लागलेला तो म्हातारा आचार्य. नुकतेच आलेले पिअर्सन शोणपांशूंच्या, म्हणजे भिंतीबाहेरच्या कष्टकऱ्यांच्या, मेळ्यात नाचले.

शाळेच्या संस्थापकाने आपल्याच मुलांकडून शाळेच्या भिंती पाडण्याचे नाटक करवून घ्यावे, आणि चुकलेल्या आचार्याची भूमिका स्वतः करावी, असे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. ब्रह्मचर्याश्रम म्हणून सुरू झालेल्या संस्थेला दहा वर्षांत आपल्या सुरुवातीच्या कडकपणाकडे पाहता आले, तेही मुलांसमोर आणि मुलांच्या मदतीने. मला हा या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण वाटतो. नोबेल पारितोषिकाचा १९१३ चा नोव्हेंबर यापुढे दुय्यम वाटतो.

१९१४-१५ च्या त्या वर्षात आश्रमात एक मराठी माणूसही होता. साताऱ्यात जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, पुढचे काकासाहेब, काही महिने तिथे शिकवीत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमाची मुले आधीच येऊन राहिली होती. १७ फेब्रुवारी १९१५ ला गांधीजी स्वतः आले. १९ तारखेला पुण्यात गोखले गेल्याची बातमी आली आणि ते लगेच पुण्याला निघाले. मार्चमध्ये परत आले, तेव्हा आचारी-नोकरांशिवाय सारे काम मुलांनी आणि शिक्षकांनी करायचे असा प्रयोग सुरू झाला. काकासाहेब त्यात आघाडीवर होते. काकासाहेब आणि गांधीजी यांची गाठ पडली ती याच आवारात. तो स्वावलंबनाचा प्रयोग फार दिवस टिकला नाही, पण १० मार्च हा दिवस आश्रम आजही गांधी-पुण्याह म्हणून पाळतो, आणि त्या दिवशी झाडलोट आणि स्वयंपाक मुले-शिक्षक करतात.

त्याच वसंतात ‘फाल्गुनी’ लिहिले गेले आणि एप्रिलमध्ये आश्रमात उभेही राहिले. तरुणांची एक टोळी जगातल्या त्या म्हाताऱ्याला पकडायला निघते. तोच म्हणे सगळ्यांचे तारुण्य पळवतो. एक आंधळा बाऊल, म्हणजे गात फिरणारा साधू, त्यांना गुहेपर्यंत वाट दाखवतो, कारण ज्याला डोळे नाहीत तो सर्वांगाने वाट ओळखतो. गुहेतून बाहेर येतो तो म्हातारा नव्हेच, त्यांचाच सरदार, पहिल्यापेक्षा तरुण. प्रत्येक अंकाआधी गाण्याची प्रस्तावना आहे. तिच्यात वेळूचे बन गाते, पाखरे गातात, फुलणारा चाफा गातो. ही सगळी कामे लहान मुलांची. आंधळा बाऊल झाले रवींद्रनाथ. चौपन्नाव्या वर्षी त्यांनी तारुण्यावर नाटक लिहिले आणि त्यात सर्वांत लहान मुलांच्या तोंडी सर्वांत सुंदर गाणी दिली.

जानेवारी १९१६ मध्ये ही मंडळी ‘फाल्गुनी’ घेऊन कोलकात्याला गेली. बांकुड्यात दुष्काळ पडला होता, त्याच्या मदतीसाठी जोडासांको येथील ठाकुरवाड्यात प्रयोग झाले. नेपथ्याला अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि नंदलाल बसू या चित्रकारांचे हात लागले. शाळेचे नाटक शहराने पाहिले आणि बंगालच्या रंगभूमीला हे काही वेगळेच आहे याची जाण आली. पुढच्याच वर्षी जोडासांकोच्याच ‘विचित्रा’ सभागृहात ‘डाकघर’ झाले. हे नाटक डब्लिनच्या ॲबी थिएटरने १९१३ मध्येच इंग्रजीत केले होते. बंगालीत आजारी अमलची भूमिका केली ती आश्रमाच्या आशामुकुल दास या विद्यार्थ्याने. खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलणारा आणि राजाच्या पत्राची वाट पाहणारा तो मुलगा. डिसेंबर १९१७ अखेर कोलकात्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा नेत्यांसाठी याचा खास प्रयोग झाला. पाहायला ॲनी बेझंट होत्या, मालवीय होते, गांधीजी होते आणि लोकमान्य टिळकही होते. मंडालेतल्या सहा वर्षांच्या कैदेनंतर, ऐन राजकारणाच्या धामधुमीत, लोकमान्यांनी एका शाळकरी मुलाचे नाटक पाहिले, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

गाण्यातही एक मराठी गळा होता. पंडित भीमराव शास्त्री आश्रमात हिंदुस्थानी संगीत शिकवीत. १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले तेव्हा संगीताची बाजू दिनेंद्रनाथ आणि भीमराव शास्त्री यांनी सांभाळली. रवींद्रनाथांची गाणी बंगालबाहेरच्या लोकांना गाता यावीत म्हणून भीमरावांनी नागरी लिपीत स्वरलिपीसह ‘संगीत गीतांजली’ केली, ती १९२७ मध्ये विश्वभारतीने प्रसिद्ध केली. भीमरावांचे नाव महाराष्ट्रात आज फार थोड्यांना आठवते, आणि ते बरे नाही.

त्याच १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये रवींद्रनाथ सिल्हेटला गेले, तिथल्या मणिपुरी वस्तीत त्यांनी नाच पाहिला आणि तो आपल्या शाळेत हवाच असे ठरवले. त्रिपुराहून बुद्धिमंत सिंह आले. भद्र बंगाली घरांतल्या मुलांनी नाच शिकायचा ही तेव्हा सहज पचणारी गोष्ट नव्हती. म्हणून मृदंगाच्या तालावरची कसरत अशा रूपात मुलांना तो प्रथम शिकवला गेला. मुले रंगून गेली.

२३ डिसेंबर १९२१ ला विश्वभारतीची स्थापना झाली. शाळा तिचा पूर्वविभाग झाली आणि १९२५ पासून तिला पाठभवन हे नाव मिळाले. तोवर आश्रमात मुली मोठ्या संख्येने येऊ लागल्या होत्या. स्त्रीपात्रे नसलेल्या नाटकांची गरज उरली नव्हती, आणि रवींद्रनाथांचे नाटकही लगेच बदलले. १९२६ च्या वाढदिवसाला आश्रमातल्या मुलींनी ‘नटीर पूजा’ केले. यात पुरुषपात्र एकही नव्हते. बुद्धाच्या स्तूपापुढे नाचत प्राण देणारी नटी श्रीमती झाली नंदलाल बसूंची मुलगी गौरी. जानेवारी १९२७ मध्ये हेच नाटक कोलकात्यात करायचे ठरले, तेव्हा कुलीन मुली रंगमंचावर नाचणार म्हणून कुजबुज सुरू झाली. रवींद्रनाथांनी मुलींना मागे घेतले नाही. त्यांनी नाटकात उपाली या भिक्षूची नवी भूमिका लिहिली आणि ती स्वतः केली. शाळेच्या मुलींबरोबर शाळेचा संस्थापकही रंगमंचावर उभा आहे म्हटल्यावर बोलणाऱ्यांना फारसे बोलता आले नाही.

या शाळेचे मराठीशी नाते पुढेही राहिले. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नामागे शांतिनिकेतन होते. पु. ल. देशपांडे पन्नाशीत तिथे जाऊन बंगाली शिकले आणि ‘वंगचित्रे’ लिहून त्यांनी ते आवार मराठी घरांत आणले. पाठभवनात अजूनही बुधवारी सुट्टी असते, वर्ग झाडाखाली भरतात, पहाटे वैतालिक निघते, आणि साहित्यसभेत मुले स्वतः लिहिलेले वाचून दाखवतात.